कपाटातला निरोप

घरात पंधरा वर्षांचं कन्यारत्न आणि त्याच्या हातात फोन. मग जे तुमच्या-आमच्या घरी होतं, तेच इथंही चाललं होतं. जेवताना फोन, दात घासतानाही फोन. आई हाका मारून थकायची, पण कानांत इयरफोनची बोंडं कोंबलेल्या मुलीला ऐकू येणार कसं? शेवटी आईनं सोपी युक्ती काढली. स्वयंपाकघरातूनच ती मुलीच्या फोनवर निरोप धाडायची, 'जेवायला ये.' मुलगी यायची, जेवायची, निघून जायची. दोन खोल्यांच्या घरात हे कुणालाच विचित्र वाटत नव्हतं.

शाळेतून बोलावणं आलं तेव्हा मात्र आईचा पारा चढला. मुलगी वर्गात डुलक्या काढते, असं बाईंनी सांगितलं. घरी येताच आईनं तिच्या हातातला फोन हिसकावला, तसाच चालू कपाटात टाकला आणि कुलूप लावलं.

"परीक्षा संपेपर्यंत फोनचं नाव काढायचं नाही!"

मुलीनं नाव काढलं नाही. तिनं बोलणंच सोडलं. आदळआपट नाही, रडारड नाही, सरळ अबोला. आई शिवणकाम करायची. जगाचं उसवलेलं ती शिवून द्यायची, पण हे कुठून उसवलंय ते तिला सापडेना. एकुलती एक लेक अशी कायमची तुटली तर? आई मनातून घाबरली होती, आणि घाबरली की ती जास्तच ओरडायची.

दुसऱ्या दिवशी आत्या राहायला आली, मुलीच्या वडिलांची थोरली बहीण. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून तिची हयात गेली होती. संध्याकाळी ती शिलाई मशीनजवळ बसून आईची रडकथा ऐकत होती. आईचा एक डोळा कात्रीवर, दुसरा गिऱ्हाइकांच्या निरोपांसाठी आपल्या फोनवर.

"कार्टी फोनपायी वाया चालली हो, ताई! समोरचं माणूस दिसत नाही तिला."

"तू काय कापतेयस?"

"बाह्या."

"दोन्ही उजव्याच?"

आईनं पाहिलं. अगं बाई, खरंच की! छापील कापड वाया गेलं होतं. ती ओशाळून उठली, जेवण गरम केलं आणि सवयीनं फोनवर अंगठा फिरवला.

कपाटात 'टुंग' वाजलं.

"हे कोण बोललं?" आत्यानं दचकून विचारलं.

"मीच," आई पुटपुटली. "तिला जेवायला बोलावलं."

आत्या पदर तोंडाला लावून हसू लागली. पलीकडच्या खोलीत अभ्यासाला बसलेली मुलगीही फिसकन हसली, आणि हसता हसता एकदम रडायलाच लागली. आई धावत गेली.

"मला व्हॉलीबॉलच्या संघातून काढलं," मुलगी हुंदके देत म्हणाली. "तुला सांगितलं होतं मी. तू फोनमध्ये बघत 'छान' म्हणालीस."

आई तिच्याजवळ बसली. छान! असं म्हटल्याचं तिला आठवतही नव्हतं.

"मला ऐकूच आलं नाही गं, बाळा!"

आत्या दारात येऊन उभी राहिली. "जन्मभर मी लोकांचे फोन जोडून दिले, मी फोनला नावं ठेवणार नाही. पण तो लांबच्या माणसासाठी असतो. भिंतीपलीकडच्या लेकीला कसले निरोप धाडतेस? आणि तू गं बये, आई चुकली म्हणून तुझं माफ होत नाही. दुःख झालं की त्या डबड्यात तोंड खुपसायचं? आईचा हात धरून सांगायचं होतंस!"

त्याच जेवणात ठरलं. फोन परत मिळेल, पण जेवताना आणि झोपताना घरातले सगळे फोन मशीनच्या खणात.

"बाबांचा पण?" मुलीनं विचारलं.

"बाबांचा आधी!" आत्या म्हणाली. बाबांनी उठून खिशातला फोन खणात ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी जेवण तयार झालं आणि आईचा हात फोनकडे गेला. तो तिनं मागे घेतला, खोलीपर्यंत गेली आणि दारावर टकटक केली.

"जेवायला चल."

"पाच मिनिटं गं, आई!"

पाचाची दहा झाली, पण मुलगी आली, आणि घास घेता घेता शाळेतलं काहीबाही सांगत सुटली. आईनं मध्ये एकदाही 'छान' म्हटलं नाही. मंडळी, मुलांच्या हातातला फोन सुटावा असं वाटत असेल, तर ती बोलायला येतात तेव्हा आपले हात आणि कान रिकामे ठेवायला हवेत.