खंडेनवमीला गाडी घरीच होती

मी बोलतोय ते तुम्हाला ऐकू येत नसेल, तर त्यात तुमची चूक नाही. मला तोंड दिलेलंच नाही. साबणाच्या वडीएवढा मी एक काळा डबा. पोटात सिमकार्ड आणि छोटीशी बॅटरी, मागे शेपटीसारखी वायर. आपण कुठं आहोत हे उपग्रहांवरून ओळखायचं आणि शहरातल्या एका नियंत्रण कक्षाला कळवत राहायचं, एवढीच माझी नोकरी. तुम्ही मला ट्रॅकर म्हणता. सध्या पुण्यात माझ्यावरून बराच वाद चालला आहे. प्रत्येक गाडीत मला सक्तीनं बसवायचं की नाही, यावर लोक घसा फोडून भांडतात. म्हटलं, ज्याच्यावरून भांडण आहे त्याचंही एकदा ऐकून घ्या.

कारखान्यात माझ्या खोक्यावर ‘सुरक्षित प्रवासाचा सोबती’ असं छापलं होतं. मी ते खरं मानलं. लहान वयात छापलेलं सगळंच खरं वाटतं.

मला विकत घेतलं ते हडपसरच्या पलीकडच्या एका गावातल्या संभाजीरावांनी. गाव आता महापालिकेत आलंय. यांच्या वडिलांच्या उसाच्या रानात टोलेजंग इमारती उभ्या आहेत. इमारतीत नळ आहेत, नळाला पाणी नाही. म्हणून ज्यांना जमीन विकली त्यांनाच संभाजीराव टँकरनं पाणी विकतात. टँकरवाल्यांच्या संघटनेचे ते पुढारी, त्यामुळे माझ्याविरुद्ध पहिलं भाषण त्यांनीच ठोकलेलं. “आम्ही काय चोर हाय का, आमच्यावर पाळत ठेवायला? आधी रस्त्यातलं खड्डं बुजवा, मग डबं बसवा!” टाळ्या पडल्या. पण माझ्याशिवाय आरटीओत गाडी पास होईना. अडला हरी, त्यानं माझे पाय धरले.

टँकर चालवायचा त्यांचा पुतण्या साईनाथ. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात मोबाइल. वळसा पडतो म्हणून उलट्या बाजूनं गाडी घालण्यात त्याचा हातखंडा. सुरुवातीला मी सगळं इमानेइतबारे कळवलं. गाडी वेगात आहे, पुन्हा वेगात आहे, अजूनही वेगातच आहे. तिकडे नियंत्रण कक्षात माझ्यासारख्या हजारोंचे इशारे येऊन पडत. पालथ्या घड्यावर पाणी! साईनाथला कुणी चकार शब्दानं विचारलं नाही. पुढे पुढे मलाच माझी लाज वाटू लागली.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, हे तुम्हाला सांगायला नको. संभाजीरावांच्या आई सोजरबाई सणावाराला फार कडक. सकाळीच त्यांनी अंगणात टँकर धुऊन घेतला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. ओसरीवर पाट मांडून त्यावर कोयता, नट पिळायचे पाने, जॅक ठेवले. तेवढ्यात त्यांना माझी आठवण झाली.

“साईनाथा, त्यो काळा डबा काढ रं. त्याच्यामुळं गाडी पास झाली. त्याचीबी पूजा व्हायला पायजे.”

साईनाथनं माझी वायर ओढली आणि मला पाटावर जॅकशेजारी ठेवलं. सोजरबाईंनी मला हळदकुंकू लावलं, माझ्यावर अक्षता टाकल्या. आयुष्यात मला मिळालेला तो एकमेव मान. मग त्यांनी दम भरला, “पूजलेली हत्यारं उद्या सकाळपातूर कुणी हलवायची न्हाईत. गाडीबी न्हाय.”

त्या नैवेद्य रांधायला आत वळल्या आणि संभाजीरावांचा फोन वाजू लागला. सणाचा दिवस, इमारतींमध्ये पाहुणे, टाक्या कोरड्या. संभाजीरावांनी हळूच साईनाथला खुणावलं. साईनाथनं विचारलं, “काका, डबा?” ते म्हणाले, “राहू दे पाटावर. आईनं पाट हललेला पाहिला तर घर डोक्यावर घेईल.” आईचा मोठा शब्द मोडला आणि छोटा पाळला. हार घातलेला टँकर बाहेर पडला. मी ओसरीवर राहिलो.

वायर निघाली तेव्हा मी इशारा दिला होता, बरं का. पोटातल्या बॅटरीवर जीव धरून मी कळवलं की मला गाडीपासून तोडलंय. पण त्या दिवशी कक्षातल्या संगणकांचीही पूजा होती. कीबोर्डवर फुलं वाहिलेली, हात कोण लावणार? सणानंतर कुणीतरी साचलेले सगळे इशारे एका झटक्यात ‘पाहिले’ म्हणून मिटवून टाकले. उरली फक्त जागेची नोंद. गाडी घरी, इंजिन बंद.

पुढचं मी पाहिलं नाही. लोकांच्या बोलण्यातून ऐकलं, तेच सांगतो.

नम्रता आणि सुदर्शन हे यवतमाळकडचं तरुण जोडपं. तो कारखान्यात फिटर, ती सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात नोकरीला. कारखान्यात यंत्रपूजा होती, घरच्यांनाही बोलावलं होतं. पेढ्यांचा पुडा घेऊन दोघं मोटरसायकलवरून परत निघाले होते. कात्रजकडे जाणाऱ्या रस्त्यावर टँकर उलट्या बाजूनं अंगावर आला. नम्रता बाजूला फेकली गेली. सुदर्शन चाकाखाली गेला. टँकर थांबला नाही. तिनं रस्त्यावर पडल्या पडल्या मागचा नंबर वाचला आणि पोलीस येईपर्यंत तो मोठ्यानं म्हणत राहिली, विसरू नये म्हणून.

दिवेलागणीला टँकर माझ्यासमोर अंगणात आला तेव्हा हार गळून गेला होता. साईनाथ पाण्याचा पाइप घेऊन चाकं धूत होता. सोजरबाई दारात उभ्या होत्या. “काय झालं रं?” “काय न्हाय, आजी.” त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण त्या रात्री त्या जेवल्याही नाहीत.

दसऱ्याला पोलीस आले. संभाजीरावांचा चेहरा पडला. मग त्यांची नजर पाटावर गेली. त्यांनी मला उचललं, अगदी जपून, तान्ह्या पोराला उचलावं तसं. पोलीस फाटकाशी होते तोवर साईनाथकडून मला गाडीत जोडून घेतलं आणि साहेबांना म्हणाले, “सरकारनंच बसवलेलं मशीन हाय, साहेब. नोंद काढून बघा. गाडी काल दिवसभर घरीच होती.”

नोंद निघाली. गाडी घरीच होती. चौकातल्या कॅमेऱ्यावर सणाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लटकत होता, त्यानं काहीच पाहिलं नाही. गाडी धुतलेली, पण दसऱ्याला कोणाची गाडी धुतलेली नसते? त्या दिवशी टँकर मागवणाऱ्या सोसायटीचे सेक्रेटरी श्रीधरपंत म्हणाले, “आपल्याला काही आठवत नाही बुवा.” शिकलेला माणूस! पण टँकर बंद झाला तर उद्या आंघोळीचं काय, हे मात्र त्यांना पक्कं आठवत होतं. नम्रताला सांगण्यात आलं, “ताई, इतक्या धक्क्यात नंबर वाचण्यात चूक होते.”

“मी पाहिला ना, साहेब,” ती म्हणाली. “माझा नवरा त्याच चाकाखाली होता. मी कशी चुकीन?”

तिला पैसा नको होता. माझ्या नवऱ्याला या गाडीनं मारलं, एवढं एक वाक्य कुणीतरी अधिकारानं म्हणावं, इतकंच तिचं मागणं होतं. तेवढं एक वाक्य मी अडवून धरलं होतं.

काही महिन्यांनी सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात ‘सक्तीचं ट्रॅकिंग: हवं की नको’ अशी जाहीर चर्चा ठेवली. मंचावर अधिकारी होते आणि त्यांच्या शेजारी आता माझे भक्त झालेले संभाजीराव. लेकाचा सत्कार म्हणून सोजरबाईही आल्या होत्या. पुढच्या रांगेतले बाबुराव नावाचे गृहस्थ पहिल्यांदा उठले. “अहो, कोण कुठे आहे हे कळून आपण काय करणार? कोण कसा चालवतो ते बघा की!” मागून एक आयटीतला तरुण म्हणाला, “काका, डेटा आहे ना! डेटा खोटं नाही बोलत.”

संभाजीराव उभे राहिले. दाखवायला म्हणून त्यांनी मला टँकरमधून काढून आणलं होतं. मला उंच धरून ते म्हणाले, “मी विरोधात होतो. पण ह्या डब्यानं मला निर्दोष ठरवलं!” टाळ्या झाल्या. मागे पडद्यावर शहराचा नकाशा, त्यावर टँकरांचे ठिपके.

चर्चेचं कळल्यावर नम्रताही येऊन बसली होती, ती उठली. “त्यांच्या टँकरचा ठिपका पाहा. तो सदाशिव पेठेत दिसते, याच सभागृहात. मग दाखवा ना मला, टँकर कुठे उभा आहे इथे?”

सगळे हसले. हो, हसले. अधिकारी म्हणाले, “कार्यक्रमासाठी काढलंय ते. तो वेगळा विषय आहे, लेखी द्या.”

तेव्हा सोजरबाई उठल्या. “त्या दिशीबी काढलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “मीच ठिवलं पाटावर. गाडी अंगणात नव्हती. सांजच्याला आली.”

“आई, खाली बस!” संभाजीराव ओरडले.

“बसनार न्हाय. तिचा धनी गेलाय रं.”

अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाले, “आजी, आपली भावना समजते. पण मशीन खोटं बोलत नाही.” सत्काराची शाल मंचावरच राहिली आणि सोजरबाई नम्रताचा हात धरून बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी दोघी पोलीस चौकीत गेल्या. सोजरबाईंनी जबाब दिला, पोटच्या पोराविरुद्ध. त्याखाली शेरा पडला: ‘साक्षीदार वृद्ध आहे. जबाब उपकरणाच्या नोंदीशी जुळत नाही.’ प्रकरण तिथंच थांबलं. सोजरबाई आता लेकीकडे राहतात.

मी परत टँकरमध्ये आहे. साईनाथच चालवतोय. परवा पुन्हा उलट्या बाजूनं गेला, मी पुन्हा कळवलं.

मला सक्तीचं करा किंवा करू नका, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी विनंती एवढीच, की रस्त्यावर पडलेली बाई नंबर सांगत असेल, तर तो खोडायला मला पुढं करू नका. मला पाटावर ठेवलं तर मी पाटावर असतो, खिशात ठेवलं तर खिशात. सुदर्शन गेला तेव्हा मी तिथं नव्हतो. ती होती.