टेकडीवरची रोज्याची तोफ

मी तोफ बोलतेय. दचकू नका, माझ्या पोटात आता दारू नाही. आणि होती तेव्हाही या गावात तिच्यासोबत गोळा कधी भरला नाही.

मला ओतलं तुर्कांनी. त्यांच्या भाषेत ‘तोप’ म्हणजे गोळा. पुढे गोळा फेकणारीलाही तेच नाव पडलं. ते फिरत फिरत तुमच्याकडे पोचलं आणि तोफ झालं. इथले अरब मला ‘मदफा’ म्हणतात, म्हणजे ढकलणारी. हे नाव मला आवडतं. मदिनेच्या वाटेवरच्या या टेकडीवरून रमजानात रोज सूर्य मावळला की मी एक बार काढायचे आणि अख्ख्या गावाची दिवसभराची तहान ढकलून द्यायचे.

टेकडीखाली कोकणातल्या कामगारांच्या खोल्या. वरून सगळं दिसतं, मग बघणारच ना मी? पहिल्या खोलीत जलाल आणि मैमुना, दापोलीकडचे. जलाल यात्रेकरूंच्या हॉटेलात आचारी, त्यामुळे रोजा सोडायच्या वेळी तो नेमका कामावर. मैमुना घरी एकटी, आणि तापात तिचे कान गेलेले. अजान ऐकू यायची नाही. पण माझा बार तिच्या छातीत पोचायचा, पेल्यातलं पाणी हलायचं, आणि ती खजूर तोंडात टाकायची.

“मला कोनी सांगावं लागत नाय,” असं तोऱ्यात म्हणायची.

मग तेलाचा पैसा आला. मशिदीवर कर्णे लागले, घरोघर रेडिओ वाजू लागले. माझा गोलंदाज म्हणाला, “खलास, म्हातारे!” आणि तोंडावर पत्रा ठोकून गेला. मैमुनाला हे सांगायचं कुणालाच सुचलं नाही.

पहिल्या रोज्याला ती खजूर हातात घेऊन बसली. अजान झाली, आजूबाजूला सगळे जेवले. उजेड गेला तरी ती तशीच. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिचा माझ्यावर भरवसा. आणि मी मुकी.

जलाल आला तो ओरडलाच. “काय गो, अजून रोजा नाय सोडलास?”

ओठांवरून तिला कळलं. “तोफ उडाली नाय ना.”

त्याने हात हलवून सांगितलं, तोफ बंद. तिने खजूर खाली ठेवला. “मंग आता मी रोज कोनाच्या तोंडाकडं बघत बसू?”

भिंतीपलीकडे सुरैया राहते. तिचा कान कायम शेजाऱ्यांच्या घरात, अगदी माझ्यासारखाच. दुसऱ्या दिवशी तिने मैमुनाची पाठ भिंतीला टेकवून दिली, काही न सांगता घरी गेली, आणि अजान होताच खलबत्त्यातला बत्ता उचलून भिंतीवर घातला. धाड!

“भाभी, भिंत पडंल!” बाहेरून शेजारचा मुस्तफा ओरडला.

“पडूं दे! आपला मालक हाय ना, कफील, तो बांधून दील!”

मैमुनाच्या पेल्यातलं पाणी हललं. तिने खजूर तोंडात टाकला आणि मुठीने भिंतीवर उलट टोला दिला.

आता दुपारी माझ्या सावलीत शेळ्या निजतात. मला पुन्हा उडवा असं मी म्हणत नाही. एवढंच करा, मदफा कुठे आहे असं कुणी विचारलं तर टेकडीकडे बोट दाखवू नका. सुरैयाच्या खोलीकडे दाखवा.