कापलेला पट्टा

वाऱ्याचा इशारा आदल्या दिवशीच आला होता, म्हणून थोरलीने कामावर जाण्याआधी गच्चीत जाऊन सुक्का पुन्हा घट्ट बांधला. सुक्का म्हणजे त्यांच्या ज्यू सणाचा तात्पुरता मांडव. लोखंडी पाइपांचा सांगाडा, तीन बाजूंना ताडपत्री आणि वर हिरव्या फांद्या. सणाचा आठवडाभर त्यात बसून जेवायचं. भिंती वाऱ्यावर फडफडल्या तर तो सुक्का धरत नाहीत, असं बाबांचं दरवर्षीचं म्हणणं. त्यामुळे तिने सामान बांधायचे चपटे पट्टे घेतले, चारही कोपऱ्यांतून कठड्यापलीकडे नेले, बाहेरच्या भिंतीतल्या आकड्यांत अडकवले आणि तारेसारखे ताणले. पाइप हलवून पाहिला. ढिम्म.

ती गाडी चालवायला शिकवायची. दुपारी एका शिकाऊचा धडा संपवून दुसऱ्याचा सुरू व्हायच्या आधी जेवायला आली, तेव्हा बाबा आईसोबत आधीच वर जाऊन बसले होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा डावा हात निकामी झाला होता, जिना चढायला आईचा खांदा लागायचा. पण सुक्क्यात जेवायचं म्हणजे जेवायचंच.

थोरली गच्चीच्या दारात पोचली आणि वाऱ्याचा एक जोरदार झोत आला. डावीकडची भिंत पोटासारखी फुगली, कोपऱ्यातला पाइप जमिनीवरून उचलला गेला आणि फांद्यांसकट अर्धं छप्पर बाबांच्या अंगावर आलं.

"आई, बाबांना ओढ!" ती ओरडली आणि पाइपवर झेपावली.

आईने खुर्चीसकट त्यांना ओढलं. बाबांचं कोपर सोललं होतं, ताट पालथं झालं होतं, आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मला काही नाही झालं, मला काही नाही झालं."

पाइप आईच्या हाती देऊन थोरलीने कठड्यावरून वाकून पाहिलं. पट्टा सुटलेला नव्हता, कापलेला होता. अगदी सरळ, कात्रीने. खालचा तुकडा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या बाल्कनीवर लोंबत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाल्कनी जजसाहेबांची. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी सगळे त्यांना जजसाहेबच म्हणायचे. त्यांचं दार थोरलीच्या घराच्या दारासमोरच होतं.

खाली जाऊन तिने त्यांची बेल दाबली ती सोडलीच नाही. दार उघडलं.

"पट्टा तुम्ही कापलात?"

"हो," जजसाहेब शांतपणे म्हणाले. "सकाळपासून घूं घूं वाजत होता. डोकं उठलं माझं. सोसायटीच्या सेक्रेटरीला दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही."

"सेक्रेटरीला? आमचं दार इथे, तुमच्या नाकासमोर! आई घरात होती. कडी वाजवायला काय झालं होतं?"

"कपडे वाळत घालायची दोरी असेल असं वाटलं..."

"वाटलं? जन्मभर लोकांची बाजू ऐकून घेतलीत ना? मग आम्हालाच विचारावंसं का नाही वाटलं? छप्पर बाबांच्या अंगावर आलंय. चला वर. आत्ताच्या आत्ता!"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. सपाता घासत ते तिच्यामागून जिना चढले. बाबांचं कोपर पुसत आई खाली बसली होती, खांद्याने पाइप रेटून धरला होता.

"हा धरा," थोरलीने फर्मावलं. "सोडू नका."

जजसाहेबांनी दोन्ही हातांनी पाइप धरला. वाऱ्याने त्यांचे उरलेसुरले केस उभे राहिले. थोरलीने पट्ट्याच्या दोन तुकड्यांना गाठ मारली, रागारागात ओढून ताणला, तेव्हा त्याला मध्ये दोन-तीन पीळ पडले. सरळ करायचा धीर तिच्यात नव्हता. पुढचा झोत आला, मांडव जागचा हलला नाही आणि पट्टाही वाजला नाही. बाकीचे तिन्ही मात्र घुमतच होते.

"हा नाही वाजत," जजसाहेब हळूच म्हणाले.

थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे. नुसता पीळ द्यायचा होता! तिचा संताप आणखीच भडकला. "बोलला असतात तर सकाळीच दिला असता!"

बाकीच्या पट्ट्यांनाही तिने पीळ दिले. गच्ची शांत झाली.

"बसा साहेब," बाबा म्हणाले. "जेवून जा."

"बाबा! यांना?"

"सणाच्या मांडवात आलेल्या माणसाला उभं ठेवू का मी?"

जजसाहेब बसले नाहीत. बाबांच्या कोपराकडे पाहत म्हणाले, "माझी फार मोठी चूक झाली."

"माझ्या आईलाही सांगा," थोरली म्हणाली. "तुम्ही येईपर्यंत तिला एकटीला पाइप धरावा लागला."

ते आईकडे वळले, हात जोडले आणि तेच शब्द पुन्हा म्हणाले. आईने त्यांच्यासमोर खुर्ची सरकवली.

थोरली ताट घेऊन त्यांच्याकडे पाठ करून जेवायला बसली. राग गेला नव्हता, पण भूक सपाटून लागली होती.