रविवारी उशिरा येणारी गंगा

महादेवाच्या देवळासमोरचा आमच्या गल्लीतला आड सतरा वर्षं कोरडा होता. फुटके फोटो आणि नारळाच्या शेंड्या टाकायला तेवढा उपयोगी. एप्रिलमधल्या एका सकाळी त्यात पाणी दिसलं आणि आठवडाभरात निम्मं लातूर आमच्या दारात उभं राहिलं. आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात भर उन्हाळ्यात जमिनीतून पाणी वर यायला लागलं, तर कोणाचं डोकं ठिकाणावर राहणार?

"हटा, हटा! गंगामाई निघालेली हाय!" विरूपाक्षस्वामी मनगटावरच्या घड्याळात बघून ओरडायचे. हे स्वामी तिसऱ्या दिवशी कुठूनसे उगवले होते. "सात वाजून दहा मिन्टं! ये माय!"

आणि खरंच पाणी चढायचं. बघता बघता वीतभर. वर पांढरा फेस.

"दुधाची धार बघा! वास घ्या, वास! कैलासावरचं चंदन हाय ते!"

वास होता, मलाही आला. दुपारी पाणी उतरायचं, संध्याकाळी पुन्हा चढायचं. रविवारी मात्र ते नऊ वाजता आलं. स्वामी दोन तास घामाघूम होऊन शेवटी म्हणाले, "रविवारी माय जरा इसावा घेती." लोकांनी हात जोडले. मी हसलो. तेवढ्या गर्दीत मी एकटाच हसलो, आणि माझ्या अक्कानं माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू जागच्या जागी विरलं.

अक्का म्हणजे उमाबाई, माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून माझ्याकडे राहायची. मी बसलिंगप्पा, चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला. अक्का रोज पहाटे गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, त्यावर पाणी वाहायची आणि तेच तीर्थ म्हणून प्यायची. गंगा आल्यापासून तिचा पूजेचा तांब्या आडावर भरला जाऊ लागला.

"अक्का, निदान उकळून तरी घे."

"तीर्थ कुणी उकळतंय का, बसलिंगा? येडा का खुळा तू?"

घरचं प्यायचं पाणी मी उकळत होतो. तिच्या तांब्याला हात लावला नाही. पूजेच्या पाण्याला असंतसं शिवायचं नसतं, हे आमच्या घरात लहानपणापासून अंगात मुरलेलं. गणिताच्या मास्तरच्याही.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती वेगळी वाटेल, पण नाही. आडापासून दोनशे पावलांवर ओढा होता. दोन वर्षांपूर्वी एका बिल्डरनं मुरूम टाकून तो बुजवला, आत एक बारीक पाइप घातला आणि वर दोन उंच इमारती उभ्या केल्या. आता आणखी चार होणार होत्या. आमची गल्ली अशी की दोन ऑटो समोरासमोर आले तर एकाला मागं सरावं लागतं, आणि तिच्यातूनच दिवसभर टिपर. म्हणून आम्ही हरकतीचा अर्ज लिहिला होता. ओढा मोकळा करा, सांडपाण्याची सोय दाखवा, रस्ता रुंद केल्याशिवाय नव्या इमारतींना परवानगी देऊ नका. त्रेसष्ट सह्या. पहिली सही अक्काची.

स्वामींनी ते एका वाक्यात निकालात काढलं. "उगमाच्या आसपास कुदळ लावाल तर माय पाताळात जाईल!"

एकेक जण येऊन नाव मागे घेऊ लागला. शेवटी अक्का म्हणाली, "माझंबी नाव खोड. आलेल्या मायला हाकलू नगं." मी माझ्या हातानं खोडलं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अक्काला पहाटेपासून उलट्या आणि जुलाब सुरू झाले. सात वाजता तिला उभंही राहवेना. आमच्या डॉक्टर मालविका धावत आल्या, नाडी बघितली आणि म्हणाल्या, "मास्तर, सलाईन चढवायला हवं, आणि भरतीच करायला हवं. ऑटो आणा. आत्ता!"

ऑटो मिळाला, पण हलेना. समोरून सिमेंटचा टिपर घुसलेला, मागं उदगीर-औशाहून दर्शनाला आलेल्या जिपा, मधे मोटारसायकली. सात ते आठ ही गंगेची वेळ ना! मी खाली उतरून ओरडत होतो, हात जोडत होतो. कोणी सरकेना, कारण सरकायला जागाच नव्हती. तेवढ्यात देवळापुढची फूलवाली गुरम्मा गर्दीतून वाट काढत आली. अक्काची वीस वर्षांची मैत्रीण. तिच्या हातात पेला होता.

"उमाक्का, मायचं तीर्थ आणलंय. घे. बरं वाटंल."

अक्कानं पेला कपाळाला लावला आणि सगळा प्यायली. मी टिपरवाल्याशी भांडत होतो. वळून बघितलं तेव्हा पेला रिकामा होता.

पाऊण तासानं आम्ही दवाखान्यात पोचलो. दुपारी अक्का गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी संपलं होतं, तासभर आधी यायला हवं होतं. ज्या गावानं आयुष्यभर माझ्या बहिणीला पाण्यासाठी रांगेत उभं केलं, तिथं ती पाणी पिऊन गेली. त्या दिवशी मला राग आला नाही. नुसतं आत काही तरी खचलं.

सहाव्या दिवशी मालविकाताई आल्या. त्यांच्याकडे तोवर जुलाबाचे एकोणीस रुग्ण झाले होते.

"मास्तर, तुम्ही गणिताचे. मला एवढं सांगा, गंगा रविवारी उशिरा का येते?"

रविवारी सुट्टी असते. लोक उशिरा उठतात. उशिरा आंघोळ करतात, कपडे धुतात. फेस आणि चंदनाचा वास. सगळं माझ्या नाकासमोर होतं आणि मी फक्त हसून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी आडाजवळ गुरम्माला एक बंद चिठ्ठी दिली. "मी सांगेन तेव्हा उघड." मग त्या आणि मी इमारतींच्या आवारात गेलो. तिथल्या पहिल्या मजल्यावरचे उमाशंकर तुंबलेल्या गटारीनं बेजार होते. त्यांनीच चेंबरचं झाकण उघडून दिलं. केकवाल्यांकडून आणलेला निळा रंग ताईंनी त्यात ओतला आणि आम्ही परत आडाशी आलो.

सव्वासात. पाणी चढलं. आधी फेस आला, मग हळूहळू निळी झाक, मग सगळा आड शाईसारखा निळा.

स्वामी क्षणभर चरकले, पण गडी पक्का. "नीळकंठ! साक्षात नीळकंठ प्रकटला! लोळण घ्या रे!"

माणसं खरंच जमिनीवर आडवी झाली.

"गुरम्मा, चिठ्ठी वाच," ताई म्हणाल्या.

गुरम्मानं अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. "आज आडात निळं पाणी येईल. तो रंग मी इमारतींच्या गटारीत टाकला आहे. डॉक्टर मालविका."

मग ताईंनी साध्या शब्दांत सांगितलं. बुजवलेल्या ओढ्यातला पाइप अपुरा पडून फुटलाय. दोन इमारतींचं आंघोळीचं, धुण्याचं आणि संडासचं पाणी जुन्या ओढ्याच्या वाटेनं झिरपत या आडात येतंय. मुरमातून गाळून आल्यानं ते स्वच्छ दिसतं, पण त्यातले जंतू मरत नाहीत. लोक उठायच्या वेळी ते वाढतं, इतकंच.

स्वामी एका गाडीत बसून निघून गेले. गाडीच्या काचेवर त्याच बिल्डरच्या इमारतींचं स्टिकर होतं.

गर्दी ओसरली. गुरम्मा मात्र आडाच्या कठड्याला टेकून खाली बसली.

"मास्तर, म्याच पाजलं की वो तिला."

मी तिच्याशेजारी बसलो. "तू पेला दिलास. महिनाभर ती इथं तांब्या भरत होती, ते मी बघत होतो. दोष वाटायचाच तर माझा वाटा मोठा."

माझी अक्काच्या पूजेला कधी हरकत नव्हती, आजही नाही. तिनं पाणी लिंगावर वाहिलं, त्यात काय चुकलं? पण पाण्याला भक्ती कळत नाही. त्याला उतार कळतो आणि उकळी कळते. वाचणाऱ्यांनो, माझं एवढंच मागणं आहे. चमत्कार दिसला तर हात जरूर जोडा, पण आधी विचारा, हे येतं कुठून? याची वेळ कोणती? आणि विचारून नुसतं हसू नका, मोठ्यानं बोला. घरातल्या माणसाचा राग सहन करता येतो.

संध्याकाळी मी हरकतीचा नवा अर्ज लिहायला घेतला. पहिली सही गुरम्मानं केली. दुसरी माझी. मग मी आत गेलो, अक्काचा पूजेचा तांब्या घेतला आणि पहिल्यांदाच त्यातलं पाणी पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं. उकळायला सात मिनिटं लागली.