वेल्डरच्या बायकोची सहल

सहलींचं बुकिंग करणाऱ्या एजंटाने कपाळाला हात लावला. “मावशी, आशियात दुसरे देश काय ओस पडलेत? तुम्ही म्हणता त्या देशात काळं कुत्रंही फिरकत नाही.”

मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि तिकीट तिथलंच काढलं. तिचा नवरा त्या देशात अकरा वर्षं वेल्डर होता. सुट्टीला यायचा तो पाहुण्यासारखा, आणि वारलाही तसाच, घाईघाईत.

ती परतल्यावर एजंटाने खोचकपणे विचारलं, “मग, काय पाहिलंत?”

“दवाखान्याचा जिना. त्याचा कठडा यांनी केलेला, फोनवर सारखं सांगायचे.” मावशीने पदर सावरला. “चारचौघांत त्यांनी कधी माझा हात धरला नाही. तिथं तीन मजले सोडला नाही.”