रिकाम्या हातानं

डॉक्टरीणबाईंनी कागदावर ‘रोज अर्धा तास चालणे’ असं लिहून दिलं, तेव्हाच विजयमालाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. साखर वाढली होती, गुडघे आखडले होते, दिवस खाटेवरून टीव्हीसमोर आणि टीव्हीसमोरून खाटेवर जात होता, हे सगळं त्यांना कबूल होतं. पण आंधळगावच्या कोष्टीपुऱ्यात जिनं चाळीस वर्षं गल्लीत ताणा घातला, तिला आता चालायला सांगायचं? मागावर चढवायचं उभं सूत घरात मावायचं थोडंच. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खुंट्या ठोकायच्या, दोन्ही हातांत सुताच्या फिरक्या धरायच्या आणि खुंट्यांना सूत घालत जायचं, यायचं, परत जायचं. पोटात योगेंद्र असताना त्या चालल्या, अंगात ताप असताना चालल्या. तेव्हा कुण्या डॉक्टराला त्यांचे पाय दिसले नाहीत. पुढं विणकरांच्या सोसायटीतून तयार ताणा यायला लागला, मग मागच बंद पडला, नवरा गेला, आणि बाई बसल्या त्या बसल्याच.

तरी निघाल्या. कागद पदराला बांधून रोज सकाळी बोडीच्या, म्हणजे गावाबाहेरच्या तळ्याच्या, पाळीपर्यंत जायचं आणि परत यायचं. दुसऱ्याच दिवशी समोरच्या घरातल्या राजकुमारनं मोटारसायकल आडवी घातली.

“काकू, बसा मांगं. कुठं सोडू?”

“कुठंच नाई. चालून राहिली.”

“हाव, पण कुठं?”

“अरे बाप्पा, नुसतीच.”

हे नुसतं चालणं काही त्याच्या पचनी पडलं नाही. बाकीच्यांच्या तरी कुठं पडत होतं? कोणी विचारी, दवाखान्यात कोण आहे? कोणी विचारी, पोरानं फोन केला नाही का? आठवडाभरानं राजकुमारनं नागपूरला योगेंद्रला कळवून टाकलं की काकूचं डोकं ठिकाणावर दिसत नाही, रिकाम्या हातानं बोडीपर्यंत जातात आणि कोणाला न भेटता वापस येतात.

मंगळवारी योगेंद्रचा फोन आला. “आई, रविवारी गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव. इथं लिफ्ट हाये, तुले पाय हलवाचं काम नाई.”

“मले डॉक्टरनं चालाले सांगतलं.”

“आता चालाचं वय हाये का तुह्यं? आराम कर.”

बाईंनी रागानं फोन खाटेवर आपटला. एकदा त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेलं की या दाराला कुलूप लागणार आणि परत येणं होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथं सगळे मिळून त्यांना खुर्चीत बसवतील, आणि वर सेवा केली म्हणून सांगतील.

बुधवारी त्यांनी माळ्यावरच्या खुंट्या खाली काढल्या. गल्ली सिमेंटची झालेली, खुंटी ठोकणार कुठं? रंगाच्या रिकाम्या डब्यांत रेती भरून त्यांनी त्यात खुंट्या उभ्या केल्या. सूत कवडूबुवांकडून आणलं. गल्लीत एकट्या बुवांचाच माग चालू होता. हातचा ताणा मिळतो म्हटल्यावर म्हातारा खूश झाला, म्हणाला, “चांगला घाल, मी विणतो.”

पहिल्या दिवशी सहा फेऱ्यांत धाप लागली. गुडघा असा ठणकला की भिंत धरावी लागली. पण शनिवारी तीस फेऱ्या झाल्या, आणि या चार दिवसांत एकानंही विचारलं नाही की कुठं निघाल्या. राजकुमार तर मोटारसायकल बंद करून, ढकलत, कडेकडेनं गेला. “काम चालू हाये वाटते काकू,” असं अदबीनं म्हणाला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेच पाय, तीच बाई. हातात सूत आलं तर शहाणी, नाही तर वेडी.

रविवारी योगेंद्रची गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडकली. तो उतरून चालत आला. आई सूत घालत पुढं निघून गेली.

“आई, हे काय लावलं तू? थांब, बोलाचं हाये.”

“बोल ना. मी आयकून राहिली.”

बोलायचं तर तिच्या बाजूनं चालावं लागत होतं. डॉक्टर, औषधं, नागपूरची खोली, सगळं त्यानं चालता चालता समजावलं. पाचव्या फेरीला त्याचा आवाज तुटायला लागला, कपाळावर घाम आला.

“चाळीस वर्षं चालली मी,” बाई म्हणाल्या. “तवा कोणी म्हणलं नाई का विजयमाले, आराम कर. तुह्या शिक्षणाचे पैसे याच पायानं आणले. आता स्वतःसाठी अर्धा घंटा चालली, तं तुमाले मी येडी दिसली?”

योगेंद्र तिच्या वाटेत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “तसं नाई आई. पण दोन मिनिटं बस तं खरी.”

“नाई बसत,” बाई म्हणाल्या, आणि त्याला वळसा घालून पुढच्या खुंटीकडं चालू लागल्या. “बसली का तू मले नेशीन.”