कापलेला तंगूस

खंडू तांडेलाच्या हातून चाळीस वर्षांत जाळी फाटली, नांगर गेले, एकदा तर होडी खडकावर चढली. पण गळाच्या बाबतीत त्याचं कधी चुकलं नव्हतं. म्हणूनच त्या रविवारी घरच्या कुत्र्याने, भोंग्याने, गळ गिळला तेव्हा काय करायचं ते कुणाला विचारावं, असं त्याच्या मनातही आलं नाही.

मासेमारी बंदीचे दिवस होते. मोठ्या होड्या ताडपत्रीखाली झाकलेल्या. मिऱ्या गावचे पुरुष हातावर हात ठेवून बसायचं नाही म्हणून खडकांवर जाऊन गळ टाकून मासे गरवायचे. खंडू पहाटेच गेला होता. काही लागलं नाही. नऊच्या सुमाराला तो परतला, आणि आमिषाला तारली माशाचा तुकडा लावलेला गळ तसाच पडवीतल्या खुर्चीवर टाकून चहा प्यायला आत गेला. कपातला चहा संपायच्या आत बाहेर कुत्र्याचा खोकला ऐकू आला.

भोंगा म्हणजे तांबूस रंगाचा, एका कानाचा गावठी कुत्रा. होड्या बंदराला लागताना तो असा गळा काढायचा की बोटीचा भोंगाच वाजतोय असं वाटावं. नाव तिथूनच पडलं. खंडूची बायको दमयंती मासळी विकायला बसली की हा तिच्या पाटीशी बसे. कावळा आला तर उठे, मांजर आलं तर उठे, गिऱ्हाईक आलं तर मात्र शेपटी हलवी. पाटीतल्या मासळीला त्याने कधी तोंड लावलं नव्हतं. खुर्चीवरची तारली मात्र कुणाच्या राखणीत नव्हती.

दमयंती धावली तेव्हा त्याच्या तोंडातून गळाचा नायलॉनचा दोरा, हातभर तंगूस, लोंबत होता आणि तो पुढच्या पंजांनी तो ओरबाडत होता. तिने तंगूस धरला. खंडूने तिचं मनगट पकडलं.

"ओढू नको. आत फाटेल."

इथवर त्याचं बरोबर होतं. पुढे त्याने जे केलं ते हाताच्या सवयीने केलं. होडीवर माशाने गळ खोल गिळला तर त्यात कुणी वेळ घालवत नाही. तंगूस कापायचा, नवा गळ बांधायचा, पाण्यात सोडायचा. खंडूने खिशातली सुरी काढली, भोंग्याचा जबडा बगलेत धरला आणि तंगूस ओठाशी कापून टाकला. कुत्र्याने एक आवंढा गिळला आणि उरलेलं टोकही आत गेलं.

"आता?" दमयंतीने विचारलं.

"आता काय. लोखंड हाय. गंजून जाईल."

"माशाच्या पोटातला गळ आपण पोट कापून काढतो," ती म्हणाली, आणि पदराने कुत्र्याची लाळ पुसायला बसली.

माशाचं पोट शेवटी कापायचंच असतं, हे खंडूने चाळीस वर्षांत कधी वेगळं काढून पाहिलं नव्हतं.

लाळ थांबेना. शेजारची हिरा आली. भोंगा मान लांब करून उभा होता, बसत नव्हता. न्यायचं कुठे, यावर पडवीत बोलणं सुरू झालं. सरकारी दवाखान्यात थोडक्यात भागलं असतं, पण रविवार होता. मारुती मंदिराजवळ एक बाई डॉक्टर नवा दवाखाना घालून बसली होती. तिच्याकडे पोटातला फोटो काढायचं मशीनही होतं म्हणे. त्यावर हिरा म्हणाली, "तिथं कुत्र्याला अंघोळ घालायचे सहाशे घेतात गो. सहाशेत माझ्या घोवाला दोन वर्षांचा साबण येईल." तिच्या मते विनोदला बोलवावं. विनोद पूर्वी एका गुरांच्या डॉक्टरकडे कंपाउंडर होता, आता स्कूटरवरून इंजेक्शनं देत फिरायचा.

विनोद तासाभरात आला. त्याने विचारलं, काय झालं. दमयंती तोंड उघडणार तोच खंडू म्हणाला, "काटा अडकलाय."

विनोदचा मामाही होडीवरचा तांडेल. संध्याकाळच्या आत सगळ्या बंदरावर झालं असतं की खंडू तांडेलाने होड्या उभ्या असताना स्वतःचा कुत्रा गरवला. विनोदने सुजेचं इंजेक्शन दिलं, तीनशे रुपये घेतले, आणि सांगितलं की कोरड्या भाताचा मुटका गिळायला लावा, काटा भाताबरोबर खाली उतरतो. घरात माणसाच्या घशात काटा अडकला तर हेच करतात, त्यामुळे ते कुणाला खोटं वाटलं नाही. खंडूला ठाऊक होतं की आत काटा नाही. तरी मुटका त्यानेच भरवला.

बारा वाजता भात बाहेर आला, आणि भाताबरोबर रक्त.

दमयंती आत गेली. तांदळाच्या डब्यातून पिशवी काढून तिने पैसे मोजले, साडेनऊ हजार. नारळी पुनवेपर्यंत घर चालायचं ते त्याच्यावर. पिशवी कमरेला खोचून तिने भोंग्याला मासळीच्या लाल टबात बसवलं आणि रिक्षा थांबवली.

"मी नेतेय. तुम्ही येणार काय?"

तो चप्पल न घालताच रिक्षात बसला.

डॉक्टरीण तिशीतली होती. मृणाली तिचं नाव. दाराबाहेरच्या पाटीवरून वाटलं होतं त्यापेक्षा ती वयाने लहान दिसली, हे खंडूला आवडलं नाही. इंजिनाचा मिस्त्री पारखायची त्याची एक रीत होती: इंजिन उघडायच्या आधी जो आकडा सांगतो त्याला होडीवर चढू द्यायचं नाही. हिने कुत्र्याच्या हिरड्या पाहिल्या, नळी लावून छाती ऐकली, आणि लगेच कागद पुढे ओढून आकडे लिहायला घेतले. खंडूने मनात म्हटलं, चला, बुडालो.

पण तिने तो कागद दमयंतीकडे फिरवला. तपासणी आणि दोन फोटो मिळून अठराशे. त्याच्या खाली तिने रेघ मारली आणि सांगितलं की रेघेच्या पुढचं फोटो पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय करणार नाही. खंडूने तो कागद पुन्हा एकदा पाहिला. रेघेच्या खाली खरंच काही नव्हतं.

फोटोत गळ स्पष्ट दिसला. कोळशावर खडूने काढावा तसा. अन्ननलिकेत, छातीच्या आत, काळजाच्या जरा वर.

"हा काटा नाही," मृणाली म्हणाली. खंडूने इथेही काटाच सांगितला होता.

"गळ हाय," खंडू म्हणाला. आता नाही म्हणण्यात अर्थच नव्हता.

"किती वाजता गिळला?"

"नऊ, सव्वानऊ."

"त्याला दोरी होती का? तंगूस? तोंडातून लोंबत होता का कधी?"

कोपऱ्यात तिचा मदतनीस सलाइनची बाटली टांगत होता. खंडूची नजर त्याच्यावर गेली, मग भिंतीवर.

"नव्हता," तो म्हणाला.

दमयंती भोंग्याचा पंजा धरून उभी होती. तिने पंजा हळूच टेबलावर ठेवला. "मी बाहेर बसते," असं म्हणून ती निघून गेली. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडणारी ती बाई नव्हती. पण तिथे उभं राहणंही तिच्याने होईना, हे त्याला तिच्या पाठीवरूनच कळलं.

मृणाली सरळ बोलली. दोरी असती तर वेगळं होतं. आता गळ आहे तिथून काढायचा तर दुर्बीण लागते, ती माझ्याकडे नाही. कोल्हापूरला न्यावं लागेल. तिथे पंचवीस ते तीस हजार लागतील, गाडीचे वेगळे. आजच्या आज निघायला हवं, कारण गळाचं टोक दर आवंढ्याला आत रुततं आहे, आणि भोक पडलं तर मग कुठेच काही होत नाही.

तीस हजार. खंडूच्या डोळ्यांपुढे पालीच्या पुढचा आंबा घाट आला, पावसातला, दरडींचा. त्याहीपेक्षा बाहेर बाकावर बसलेली दमयंती आली. ती कानातलं काढायला लागली असेल. कुत्रा टेबलावर मान लांब करून त्याच्याकडे पाहत होता. लाळेत आता लाल धागे होते.

मृणाली फोन उचलून कोल्हापूरचा नंबर लावत होती.

"बाय," तो म्हणाला, "तंगूस होता."

तिने फोन खाली केला.

"हातभर होता. मी कापला. ओठाशी कापला. मग त्याने टोक गिळलान. आम्ही होडीवर तसंच करतो."

तो ओरडा खायला तयार होता. ती ओरडली नाही. तिने घड्याळ पाहिलं, फोटो परत उजेडाला धरला आणि विचारलं, "ओठाशी म्हणजे अगदी ओठाशी? म्हणजे टोक अजून घशात असू शकतं." मग म्हणाली, "हे आधी का नाही..." आणि वाक्य तिथेच सोडून मदतनिसाला भूल भरायला सांगितलं. भुलीचे आणि पुढच्या कामाचे पाच हजार तिने रेघेखाली लिहिले आणि कागद घेऊन स्वतः बाहेर गेली. परत आली तेव्हा त्यावर दमयंतीचा अंगठा नव्हे, सही होती. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, मोठ्या अक्षरांची.

भोंगा झोपला. जीभ बाहेर ओढून, जबडा फाकवून मृणालीने बत्तीने आत पाहिलं. बराच वेळ काही नाही. मग लांब चिमट्याच्या टोकाला काहीतरी चमकलं. बोटभर तंगूस, त्याहून जास्त बाहेर येईना.

तिला करायचं होतं ते असं: तंगूस एका कडक नळीतून ओवायचा, नळी त्याच्यावरून सरकवत गळापर्यंत न्यायची, गळ मांसातून मागे ढकलायचा आणि टोक नळीत घेऊन दोन्ही बाहेर काढायचं. पण नळी दीड हात, तंगूस बोटभर. त्याला दोरा जोडायला हवा. तिने टाक्यांचा दोरा जोडला. नळी घातली, ताण दिला, गाठ सुटली. पुन्हा जोडला, पुन्हा सुटली.

"ओल्या तंगूसावर ती गाठ बसायची नाय," खंडू म्हणाला. "हात धुतो. मी बांधतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि साबणाची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

दोरा नायलॉनचाच होता. चिमट्याने धरलेल्या त्या बोटभर टोकावर, कुत्र्याच्या दातांच्या मध्ये, दिसत काहीच नव्हतं. खंडूने डोळे मिटले. रात्रीच्या पाण्यावर गाठी डोळ्यांनी बांधत नाहीत. एक वेढा, दोन, तीन. पाचव्या वेढ्याला बोट घसरलं आणि सगळं पहिल्यापासून. मदतनीस कुत्र्याचे श्वास मोजत होता. मोजता मोजता त्याचा आवाज बारीक झाला. सात वेढे, टोक मागे, मग हळू, हळू आवळणं. गाठ बसली ती बोटांना कळली.

"आता ताण धरा," मृणाली म्हणाली. "ओढायचं नाही. ढीलही द्यायची नाही."

हे त्याला शिकवायला नको होतं. नळी आत गेली. दोऱ्यातून त्याच्या बोटात एक बारीक हिसका आला, मासा आमिषाला तोंड लावतो तसा. नळी थांबली. तिने मनगट वळवून एकच दाब दिला, आणि ताण एकदम मोकळा झाला. क्षणभर त्याला वाटलं, तुटला. पण नळी बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात गळ होता, आणि त्यावर तारलीचं कातडंही.

खंडूने बोटाला वेढलेला दोरा सोडवला.

पुन्हा फोटो काढला. अन्ननलिकेतून हवा बाहेर गेलेली दिसत नव्हती, पण मृणालीने वचन दिलं नाही. रात्र इथेच राहील, सकाळी पाणी देऊन बघू, पाणी राहिलं तर जिंकलं. खंडूला ते बोलणं आवडलं. रात्रीच्या मुक्कामासकट सात हजार चारशे झाले. दमयंतीने मोजून दिले. तिने कानातलं काढलेलं नव्हतं. ते त्याने रिक्षात पाहिलं.

सोमवारी सकाळी भोंगा वाटीभर पाणी प्यायला. अर्धा तास दोघं त्याच्या घशाकडे पाहत बसली. पाणी राहिलं. दहा दिवस पातळ पेज, गोळ्या, आणि गळ्यात पट्टा नाही, असं लिहून मिळालं.

टब घेऊन दोघं बाहेर पडली तर रस्त्यावर विनोद. त्याने स्कूटर थांबवली. कुत्रा जिवंत पाहून त्याचा चेहरा फुलला.

"उतरला ना काटा? मी सांगितला होता, भाताचा मुटका. काल पलीकडच्या काळबादेवीतून एकाचा फोन आला, त्याच्याही कुत्र्याने काही गिळलंय, त्यालाही तेच सांगितलं."

खंडू टब धरून उभा होता. मान हलवली असती तर तेवढ्यावर भागलं असतं. दमयंती रिक्षाला हात करत होती; तिने मागे वळून पाहिलं नाही.

"विनोद, काटा नव्हता," तो म्हणाला. "गळ होता. माझा. तंगूस लोंबत होता तो मी कापला, आणि तुला काटा सांगितला. त्या काळबादेवीवाल्याला फोन कर. विचार, काय गिळलंय ते नीट बघ म्हणावं. दोरा दिसला तर कापू नको, ओढू नको, भात देऊ नको, इकडे घेऊन ये."

विनोदच्या ओठांच्या कडा हलल्या. "तांडेलानं कुत्रा गरवला?"

"गरवला. सांग बंदरावर. पण आधी फोन कर."

विनोदने खिशातून फोन काढला. दमयंती रिक्षात बसली आणि टबासाठी पलीकडे सरकली.